मागच्या सीटलाही वीज हवी, पण जपून!

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला पसरलेले बेहाला हे उपनगर एका रस्त्याच्या आधाराने वाढले. तो म्हणजे डायमंड हार्बर रोड. तारातला, बेहाला चौरस्ता, ठाकूरपुकुर, जोका अशी एकेक नाकी मागे टाकत हा रस्ता दक्षिणेला समुद्राच्या दिशेने जातो. २०२२ च्या डिसेंबरात याच रस्त्यावरच्या जोका-तारातला मेट्रोचे उद्घाटन झाले खरे, पण मेट्रो जोक्याच्या पुढे जात नाही. डायमंड हार्बरची सहल असो, बक्खालीचा समुद्रकिनारा असो की मकरसंक्रांतीची गंगासागरची यात्रा, आजी-आजोबा, मुलेबाळे आणि जेवणाचे डबे घेऊन निघालेले कुटुंब आजही गाडीच काढते. त्यातही सात माणसे सामावून घेणाऱ्या, उंच आणि ऐसपैस एसयूव्ही गाड्यांना अधिक पसंती असते.

गाडी मोठी, पण विजेचे सॉकेट मात्र पुढे चालकाच्या हाताशी! जुन्या अनेक गाड्यांमध्ये मागच्या प्रवाशांसाठी काहीच सोय नसायची. नव्या गाड्यांत मागे मोबाइलसाठी यूएसबीची खाच असते, पण तिच्यावर टायरमध्ये हवा भरायचा पंप किंवा प्रवासी फ्रिज चालत नाही. त्याला १२ व्होल्टचे गोल सॉकेटच लागते. मग कुणीतरी सुचवते, "मागे डिकीत आणखी दोन सॉकेट बसवून घ्या. अर्ध्या तासाचे काम!" काम अर्ध्या तासात उरकतेही. प्रश्न असतो तो त्या अर्ध्या तासात काय गाळले गेले याचा.

सिगारेटसाठी जन्मलेले सॉकेट

हे गोल सॉकेट मुळात वीज पुरवण्यासाठी जन्मालाच आले नव्हते. ते होते सिगारेट पेटवण्यासाठी. दाबले की आतली तार लाल व्हायची आणि काही सेकंदांत लायटर बाहेर उडी मारायचा. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि पुढे जगभर हेच सॉकेट दिवे, पंप, चार्जर यांचे आश्रयस्थान बनले. धूम्रपान कमी झाले, सॉकेट राहिले.

या इतिहासाचा एक तोटा आजही भोगावा लागतो. घरातल्या प्लगसारखी या सॉकेटची पकड घट्ट नसते. खड्ड्यातून गाडी गेली की प्लग हलतो, संपर्क सैल होतो आणि सैल संपर्काच्या जागी उष्णता तयार होते. म्हणूनच अशा सॉकेटवर सहसा १० ते १५ अँपिअरपेक्षा अधिक भार टाकू नये असे सांगितले जाते. सॉकेटवर १२० किंवा १८० वॅट असा आकडा छापलेला असतो, तो याच हिशेबाने.

आधी बेरीज करा

हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटना १२ ने भागले की अँपिअर मिळतात. मोबाइलच्या साध्या चार्जरला १० वॅट, म्हणजे एक अँपिअरही लागत नाही. प्रवासी फ्रिजला ४० ते ६० वॅट, म्हणजे साडेतीन ते पाच अँपिअर. लॅपटॉपला पाच-सहा. टायरचा छोटा पंप एकटाच दहा-बारा अँपिअर ओढू शकतो. फ्रिज आणि पंप एकाच वायरवर एकदम चालवले की बेरीज पंधराच्या पुढे गेलीच!

याचा अर्थ सरळ आहे. मागे दोन सॉकेट हवी असतील तर पुढच्या सॉकेटच्या वायरला दुसरी वायर गुंडाळून ती मागे नेणे हा उपाय नव्हे. ती वायर एकाच सॉकेटचा भार धरून घातलेली असते. तिच्यावर तिघांचे ओझे टाकले तर एक तर फ्यूज पुन्हा पुन्हा उडेल किंवा कुणीतरी वैतागून मोठा फ्यूज बसवेल आणि मग वायर तापेल. मागच्या सॉकेटसाठी थेट बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणणे हेच योग्य.

चहाच्या किमतीचा पहारेकरी

इथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. १२ व्होल्टची वीज हाताला झटका देत नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. झटका बसत नाही हे खरे, पण आग लावायला ती पुरेशी आहे. इंजिन सुरू करताना हीच बॅटरी शंभर-दोनशे अँपिअर सहज देते. बॅटरीकडून निघालेली वायर पत्र्याच्या धारेवर घासून तिचे वेष्टन फाटले आणि आतले तांबे गाडीच्या सांगाड्याला टेकले, तर तेवढाच प्रवाह त्या बारीक तारेतून धावेल. तार काही क्षणांत लाल होईल आणि गालिचा, सीटचा फोम, दाराचे प्लॅस्टिक पेट घ्यायला वेळ लागणार नाही.

ही वेळ टाळतो तो फ्यूज. चहाच्या कपाइतक्या किमतीची ही वस्तू, पण ती कुठे बसवली आहे यावर सारे अवलंबून असते. फ्यूज उपकरणाचे नव्हे तर वायरचे रक्षण करतो, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. तो मागे डिकीत सॉकेटपाशी बसवला तर बॅटरीपासून डिकीपर्यंतची सारी वायर उघडी पडते.

फ्यूजचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. उडालेल्या लाल फ्यूजच्या जागी हिरवा बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवणे तर त्याहून वाईट. फ्यूज पुन्हा उडत असेल तर दोष वायरीत किंवा उपकरणात आहे. तो शोधा.

वाटेत हरवणारे व्होल्ट

घर बांधताना वायरमन दिव्यांना बारीक आणि गिझरला जाड वायर घालतो. गाडीतही तोच न्याय लागतो. उलट इथे तो अधिक कडक आहे, कारण व्होल्ट मुळातच कमी असतात.

बॅटरी पुढे बॉनेटखाली, सॉकेट मागे डिकीत. वायर वळणे घेत जाते, तेव्हा एका बाजूचे अंतर पाच मीटर सहज भरते. जाण्यायेण्याच्या दोन्ही वायरी धरल्या तर दहा मीटर. १० अँपिअरच्या भाराला १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.८ आणि ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्धाच व्होल्ट जातो. बाराव्या पायरीवरून निघालेली वीज दहाव्या पायरीवर पोचली, तर फ्रिज 'बॅटरी कमी' असा इशारा देऊन बंद पडतो आणि मालक मात्र बॅटरी बदलायला धावतो!

त्यामुळे मागच्या दोन सॉकेटसाठी ४ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांच्या अनेक पदरांची, गाड्यांसाठीच बनवलेली वायर घ्यावी. बॅटरीपाशी २० अँपिअरचा फ्यूज आणि मागे प्रत्येक सॉकेटला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज ही साधी, भरवशाची रचना आहे. परतीची, म्हणजे ऋण बाजूची वायर जवळच्या पत्र्यावर रंग खरवडून बोल्टने घट्ट आवळली तरी चालते. तेवढे अंतर आणि तेवढे व्होल्ट वाचतात.

काकद्वीपची प्रतीक्षा

आता बेहालाहून गंगासागरला निघालेल्या कुटुंबाचा विचार करू. बक्खालीला जाणाऱ्यांची सोय २०१९ मध्ये नामखान्याला हातानिया-दोआनिया नदीवर पूल झाल्यापासून सुधारली. गंगासागरच्या यात्रेकरूंना मात्र काकद्वीपजवळच्या लॉट नंबर आठच्या धक्क्यावरून मुडीगंगा नदी ओलांडायला फेरी घ्यावी लागते. नदी गाळाने भरलेली, त्यामुळे ओहोटीला फेऱ्या तासन् तास थांबतात. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना मुंबई-गोवा महामार्गावरच्या कोंडीत अशीच प्रतीक्षा करावी लागते.

गाडी उभी, इंजिन बंद आणि मागे फ्रिज चालू. साधारण ६० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीतून चार अँपिअर सतत गेले तर सात-आठ तासांत ती निम्मी होते. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर त्याच्या कितीतरी आधी. रात्रभर असे चालले तर सकाळी चावी फिरवल्यावर फक्त 'टक्-टक्' आवाज! कोलकाता हे खरे तर बॅटरीचे शहर. एक्साइड इंडस्ट्रीजचे मुख्यालय इथे, जुना कारखाना जवळच्या श्यामनगरला. पण नदीकाठी मध्यरात्री त्याचा काय उपयोग?

यावर उपाय म्हणजे रिले नावाची काडेपेटीएवढी डबी. चावीच्या जोडणीतून मिळणारा बारीकसा इशारा तिला मिळाला तरच ती मागच्या सॉकेटची जाड वाट उघडते. चावी काढली की वीज बंद, विसरण्याचा प्रश्नच नाही. एखादे सॉकेट कायम चालू हवेच असेल, तर बॅटरीचे व्होल्ट ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर पुरवठा तोडणारे उपकरण त्याला जोडावे. विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ ला निम्मी आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी.

पाणी आणि वीज

बेहालाच्या सखल वस्त्यांना पाणी तुंबणे नवे नाही. २३ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे, दुर्गापूजेच्या तोंडावर, कोलकात्यात काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का बसून माणसे दगावली. तो रस्त्यावरच्या वीजपुरवठ्याचा प्रवाह होता. गाडीच्या १२ व्होल्टची गोष्ट वेगळी. मात्र गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की गालिच्याखाली ओल राहते, आणि तिथे पिळून टेप गुंडाळलेला जोड असला तर त्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. काही महिन्यांनी तोच जोड तापू लागतो.

म्हणून जमिनीलगत एकही जोड नसावा. वायर बॅटरीपासून मागच्या फ्यूजपेटीपर्यंत अखंड असावी आणि सॉकेट डिकीच्या बाजूच्या भिंतीवर, उंचावर, झाकणासह बसवावे. तिथे ते सामानाच्या धक्क्यापासूनही वाचते.

इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी आणखी जपावे. १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करणारी ही पेटी घरासारखाच धक्का देऊ शकते. शिवाय १५० वॅटचे इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीकडून चौदा-पंधरा अँपिअर मागते. १० अँपिअरच्या सॉकेटला ते झेपणार नाही.

औषधाचा डबा असेल तर

पुष्कळ घरांत मागच्या सॉकेटचे खरे कारण असते ते आजोबांचे इन्सुलिन. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. बाजारातले स्वस्त 'थंड डबे' बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जातात. बाहेर ३८ अंश असतील तर आत १८ ते २३! कोल्ड्रिंकला ते ठीक, औषधाला नाही. कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज घेतला तर औषध गोठणार नाही याची काळजी घ्यावी, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आत एक छोटा तापमापक ठेवावा. आणि सॉकेट बंद पडले तर म्हणून बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासचा डबा बरोबर असावाच. माणसाची तब्येत एका वायरीवर सोडू नये.

मिस्त्रीला हे विचारा

कोलकात्यात मोटारीचे सुटे भाग म्हटले की मल्लिक बाजारचे नाव निघते. तिथे जुने भाग स्वस्तात मिळतात, पण वायर, फ्यूज आणि सॉकेट मात्र नवेच घ्यावे. काम सुरू होण्यापूर्वी हे प्रश्न जरूर विचारावेत :

* फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर बसणार?
* वायर किती चौरस मिलिमीटरची?
* बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी कडे घालणार ना?
* वायर कुठून जाणार? पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. इंधनाच्या किंवा सीएनजीच्या नळीशेजारूनही वायर नेऊ नये.
* चावी काढल्यावर सॉकेट बंद होणार का?
* नव्या गाडीत कंपनीची मूळ वायर कापावी लागणार का? तसे असेल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात आणि शक्यतो अधिकृत केंद्रातूनच काम करून घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण तिथल्या केशरी जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्या गाडीचे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात देऊच नये.

काम झाल्यावर एक चाचणी घरच्या घरी करता येते. इंजिन चालू ठेवून मागे फ्रिज किंवा पंप दहा मिनिटे चालवा. मग प्लग, सॉकेट आणि फ्यूजची पेटी यांना हात लावून पाहा. कोमट लागले तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर तीच गाडी तसाच परत मिस्त्रीकडे न्या, सहलीला नव्हे.