तिसऱ्या पाळीचे वजन

लवकर निजावे व लवकर उठावे हा उपदेश आमच्या शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला होता. तो वाचताना मनात एक प्रश्न नेहमी येई : ज्याचे कामच रात्री अकराला सुरू होते, त्याने काय करावे? हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

आमचे गाव सुर्ला, डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातले. वडील खनिजाचा ट्रक चालवीत. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या. काही काळ सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा वडिलांनी कारखान्याची वाट धरली. तेथे दर आठवड्याला पाळी बदलते. पाच-सहा वर्षांत त्यांचे वजन नऊ किलोंनी वाढले. रक्तातील साखर पाहून डॉक्टरांनी "वजन उतरवा" असे बजावले. घरात आम्ही सगळा दोष त्यांच्या जिभेला दिला. "बाबा, तुम्ही खाता फार," असे मीही सुनावले. पुढे या विषयावर वाचू लागलो तेव्हा कळले, की माझा आरोप अर्धाच खरा होता.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमाखर्च चटकन समजतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची शिल्लक. रोज २५० कॅलरी जादा जमा झाल्या, तर कागदावर महिन्याला एक किलो वाढतो. रात्री दोन-तीनदा साखरेचा चहा आणि त्यासोबत एखादा समोसा, एवढ्यात हा आकडा सहज गाठला जातो. वडिलांचे एक सोबती कन्नड आहेत. पहाटे तीनला ते आपुलकीने "ऊट आय्ता?" म्हणून विचारतात आणि डबा पुढे करतात. अशा वेळी नाही म्हणणे जिवावर येते.

परंतु येथे नुसती रक्कम पाहून भागत नाही, वेळही पाहावी लागते. आपल्या मेंदूत सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. ते उजेडावर चालते. पेशींतील या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस यंत्रापाशी उभा असला तरी हे घड्याळ रात्र झाली असेच समजते. रात्री इन्सुलिनचे काम मंदावते, म्हणून तेच अन्न दिवसापेक्षा पहाटे रक्तातील साखर अधिक वाढवते. आठवड्याला पाळी बदलली, की घड्याळाला जुळवून घ्यायला सवडच मिळत नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. २००४ साली शिकागो येथे बारा तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. भरपूर झोपेच्या तुलनेत, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन त्यांच्यात १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक लावणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. म्हणजे जागरणाची भूक ही नुसती हाव नव्हे. तेथेच २०१० मध्ये दहा स्थूल माणसांना चौदा-चौदा दिवस कमी आहारावर ठेवले. साडेआठ तास झोपण्याची मुभा असता वजन सुमारे तीन किलो घटले आणि साडेपाच तासांची असतानाही तेवढेच घटले. पण चरबी पहिल्या वेळी १.४ किलो गेली, दुसऱ्या वेळी फक्त ०.६. बाकीची घट चरबीची नव्हतीच.

मग उपाय कोणता? बॉस्टन येथील २०२१ च्या एका प्रयोगात कृत्रिम रात्रपाळी करणाऱ्यांपैकी जे रात्रीही जेवले, त्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. जे फक्त दिवसा जेवले, त्यांची फारशी वाढली नाही. प्रयोग एकोणीस जणांचाच होता, पण त्यातून आम्हाला दिशा मिळाली.

डॉक्टरांना विचारून आम्ही क्रम ठरवला. आधी झोप, मग वेळ, मग प्रमाण. रात्रपाळीच्या आठवड्यात जेवण आठच्या आत घरीच. कामावर पाणी, ताक आणि फारच भूक लागली तर मूठभर उकडलेले चणे. चहा बिनसाखरेचा, तोही तीनच्या आधी, कारण त्यानंतरचा चहा सकाळची झोप मोडतो. घरी आल्यावर उकड्या तांदळाची थोडी पेज आणि लगेच झोप. खिडकीला जाड पडदा लावला. आईने कुकरची वेळ बदलली. संध्याकाळी अर्धा तास चालणे. वजन आठवड्यातून एकदाच पाहायचे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

चार महिन्यांत साडेतीन किलो उतरले. आकडा मोठा नाही, आणि पाळी बदलली की गाडी अजूनही थोडी घसरते. पण एक गोष्ट नक्की उमगली. रात्री जागणाऱ्याचे वजन त्याने एकट्याने उतरवायचे नसते. त्याची दिवसाची झोप राखणे हे घरातील जाग्या माणसांचे काम आहे. सकाळी नऊला आमच्या घरी रेडिओ लावायची सवय माझी होती. ती मी सोडली आहे.