कीबोर्डवरचा माइक गेला कुठे? मोबाइलमधली चिन्हं आपल्या सोयीने कशी लावायची

शेंदूरजनाघाटला आमच्या खालाचं घर आहे. खालू संत्र्याच्या कलमांची नर्सरी करायचे. ते गेल्यावर खाला आणि तिचा धाकटा मुलगा ती सांभाळतात. पावसाळा लागला की गिऱ्हाइकांचे मेसेज सुरू होतात, जंबेरीच्या खुंटावरची कलम आहे का, भाव काय, गाडी कधी पाठवू. खालाला टाइप करणं जमत नाही. ती कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबते, मराठीत बोलते आणि अक्षरं उमटतात. तिचा धंद्याचा सगळा व्यवहार त्या एका चिन्हावर चालतो.

एका दिवशी ते चिन्ह दिसेनासं झालं. आदल्या रात्री नातवाने फोन घेऊन कीबोर्ड “सजवला” होता. खालाचा मला फोन आला, “वो बोलनेवाला बटन चला गया रे.” मी कामात होतो, संध्याकाळी बघू म्हणालो. ती थांबली नाही, फोन घेऊन एका मोबाइलच्या दुकानात गेली. दुकानदाराने सरळ फोन रिसेट करून दिला. माइक परत आला, पण व्हॉट्सॲपचा बॅकअप कधी घेतलेलाच नव्हता. खालू बागेतून दुपारी जे आवाजी निरोप पाठवायचे, पाणी सोडलं, जेवून घे, मला उशीर होईल, ते सगळे गेले.

बिघाड होता एका बटणाचा, तेही सेटिंगमध्ये बंद झालेलं. सुरू करायला अर्धा मिनिट लागला असता.

चिन्हांची पट्टी कशी चालते

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा जीबोर्ड असतो. (याच नावाने तो अँड्रॉइडवर २०१६ च्या डिसेंबरात आला, आधी त्याला नुसतं गूगल कीबोर्ड म्हणत.) अक्षरांच्या वर एक आडवी पट्टी दिसते, ती टूलबार. तिच्या एका टोकाला चार छोट्या चौकोनांचं चिन्ह असतं. ते दाबलं की बाकीची सगळी चिन्हं समोर येतात: भाषांतर, क्लिपबोर्ड, एका हाताने टाइप करायची सोय, रंगसंगती, सेटिंग. हवं ते चिन्ह बोटाने दाबून धरायचं आणि ओढत वरच्या पट्टीवर नेऊन सोडायचं. नको असलेलं तसंच ओढून खाली आणायचं. सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डमध्येही असंच आहे, फक्त तिथे चार चौकोनांऐवजी तीन ठिपके दाबावे लागतात.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. पट्टीवरून काढलेलं चिन्ह पुसलं जात नाही. ते आतल्या पेटीत जाऊन बसतं, जसं ओट्यावरचं भांडं कपाटात ठेवावं. म्हणून चिन्ह गायब झालं की आधी चार चौकोन उघडून बघा. आणखी एक गंमत: लिहायला सुरुवात केली की कीबोर्ड शब्द सुचवू लागतो आणि ते शब्द पट्टीवरच्या चिन्हांची जागा घेतात. कित्येकांना वाटतं चिन्हं उडाली. लिहिलेलं पुसा, ती परत दिसतील.

माइकचं मात्र थोडं वेगळं आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये बोलून लिहिण्याचा, म्हणजे व्हॉइस टायपिंगचा, वेगळा भाग आहे. तिथलं बटण बंद झालं तर माइक सगळीकडून नाहीसा होतो, कितीही शोधला तरी पेटीत सापडत नाही. खालाच्या फोनमध्ये हेच झालं होतं. नातवाने स्वतःच नंतर दाखवलं, काय दाबलं होतं ते.

मराठी बोलायचं, उर्दूत उमटायचं

आपल्या घरांत दोन भाषा एकाच फोनवर नांदतात. गिऱ्हाइकाशी, शाळेशी, पतपेढीशी मराठी, आणि नात्यागोत्यात उर्दू. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिली. जीबोर्डमध्ये दोन्ही भाषा जोडून ठेवता येतात. मग स्पेसबारजवळ पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह येतं, ते दाबलं की भाषा बदलते. गोल दिसला नाही तर स्पेसबार थोडा वेळ दाबून धरा, भाषांची यादी समोर येते.

माइक कोणत्या भाषेत ऐकतो? साधारणपणे त्या क्षणी कीबोर्ड ज्या भाषेवर असेल त्या. कीबोर्ड उर्दूवर असताना “पाचशे कलमा तयार आहेत” असं मराठीत बोललात तर भलतंच काही उमटतं. दोष ना आवाजाचा, ना माइकचा. बोलायच्या आधी स्पेसबारवर कोणत्या भाषेचं नाव लिहिलंय ते बघायची सवय लावा.

यापुढचं मला स्वतःला फार उशिरा कळलं. काही घरांत वडीलधाऱ्यांचा अख्खा फोनच उर्दूत असतो. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून फोनही आरशासारखा उलटतो. २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून ही सोय फोनच्या आतच आहे. मागे जायचा बाण उजव्या कोपऱ्यात जातो आणि उजवीकडे टोक करतो. तीन ठिपके डावीकडे येतात. पट्टीवरचं पहिलं चिन्ह उजव्या टोकापासून मोजायचं. पण सगळंच उलटत नाही. व्हिडिओ चालू करायचा त्रिकोण तसाच राहतो, घड्याळाचे काटेही नेहमीच्याच दिशेने फिरतात, आकडेही डावीकडूनच वाचायचे.

आता विचार करा, पुण्यात बसलेला मुलगा फोनवरून सांगतो, “अम्मी, वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत ते दाबा.” अम्मीच्या उर्दू फोनमध्ये तिथे बाण आहे. ती तो दाबते आणि बाहेर पडते. मुलगा चिडतो, अम्मी गप्प होते. म्हणून सांगताना डावं-उजवं सोडा, आकार सांगा: “तीन ठिपके एकाखाली एक, ते शोधा.” अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्येही ॲपची भाषा निवडता येते. फोन मराठीत आणि व्हॉट्सॲप उर्दूत असंही चालतं. मात्र मग एक ॲप सुलटं आणि एक उलटं असणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

मोठी अक्षरं केली आणि चिन्हं कमी झाली

नजर कमी झालेल्यांसाठी आपण फोनमधलं सगळं मोठं करून देतो. चांगलंच आहे. पण पडदा तेवढाच राहतो ना! पट्टीवर जी चिन्हं मावत नाहीत ती ॲप तीन ठिपक्यांच्या आत ढकलतं. त्यामुळे मोठं करून दिल्यावर फोन तसाच परत देऊ नका. त्या व्यक्तीला लागणारी चार-पाच कामं तिच्याकडूनच एकदा करून घ्या. तसं बोटांसाठीही मोठं चिन्ह बरंच असतं. ॲप बनवणाऱ्यांना गूगलचा सल्ला आहे की दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान नसावी. बागेत काम केलेल्या जाड बोटांना तीही कधी कमीच पडते.

बाकी ठिकाणी रीत तीच. वरून बोट दोनदा खाली ओढलं की वायफाय, टॉर्च, विमानाची चिन्हं येतात, तिथे पेन्सिल दाबून त्यांचा क्रम बदलता येतो. टॉर्च पहिल्या जागी आणि विमान शेवटी असलं की चुकून फोन बंद पडल्यासारखं होत नाही. क्रोममध्ये वरच्या पट्टीवरचं एक चिन्ह सेटिंगमधून निवडता येतं: नवीन टॅब, शेअर, भाषांतर, बोलून शोधणं. कोणत्या चिन्हाचा अर्थ लागत नसेल तर बऱ्याच ॲपमध्ये ते नुसतं दाबून धरलं तरी त्याचं नाव दिसतं.

घरातल्या पोरांना एवढंच सांगा: नानीच्या फोनमध्ये काही हलवायच्या आधी पडद्याचा स्क्रीनशॉट काढायचा. पूर्वी काय कुठे होतं हे त्यात राहतं. आणि सजावटीसाठी कुठलाही अनोळखी कीबोर्ड टाकायचा नाही. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड स्वतःच इशारा देतं की तो तुम्ही लिहिलेलं सगळं गोळा करू शकतो, पासवर्डसुद्धा. हा इशारा आपण न वाचताच “ओके” करतो. तसंच “मी इथूनच दुरुस्त करतो, हे ॲप टाका” म्हणणारा अनोळखी फोन आला तर कापून टाका. दुसऱ्याचा पडदा दुरून चालवणाऱ्या एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. घरच्याच माणसाला दाखवायचं असेल तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवायची सोय आहे. पैशांचं ॲप मात्र तेव्हा उघडायचं नाही.

दुकानात फोन द्यायची वेळ आलीच तर रिसेट हा शब्द ऐकताच फोन परत घ्या. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅटच्या भागात जाऊन बॅकअपची तारीख बघा. हा बॅकअप आता गूगल खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो. जागा भरली असेल तर तो गुपचूप थांबलेला असतो.

खालाच्या कीबोर्डवर आता भाषांतर, क्लिपबोर्ड आणि माइक एवढंच आहे, स्पेसबारशेजारी गोल. बॅकअप रोज रात्री होतो. खालूंचे दोन निरोप माझ्या फोनमध्ये सापडले, कलमा न्यायला कधी येतोस असं विचारणारे. ते मी तिला पाठवले. तिने ते दाबून धरले, वर चिन्हांची पट्टी आली आणि तिने त्यातला तारा स्वतःच शोधून दाबला.