दुकानातील ‘स्मार्ट’ यंत्रे : सोय जरूर घ्या, चावी मात्र आपल्याकडे ठेवा

एकेकाळी दुकानाची खतावणी लाकडी पेटीत कुलूपबंद असे. आज विक्री किती झाली, उधारी कोणाकडे थकली, कोणत्या महिन्यात धंदा मंदावतो, हे मालकाला ठाऊक असे. फार तर मुनिमाला. म्हणून मुनीम ठेवताना माणूस कोण, कोणाच्या ओळखीचा, याची नीट चौकशी होत असे. आता तेच काम गल्ल्याजवळचा बोलणारा डबा, छताचा कॅमेरा आणि खिशातला मोबाईल करतात. हे नवे नोकर ठेवताना मात्र त्यांचा खरा मालक कोण, हे आपण विचारीत नाही.

ही यंत्रे वाईट आहेत, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी लहान व्यापाऱ्याचे काम हलके केले आहे. परंतु प्रत्येक सोयीची काही किंमत असते आणि ती दर वेळी रुपयांत द्यावी लागत नाही. ती किंमत कोणती, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

बोलणारा डबा

गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवते आणि क्षणात डबा रक्कम मोठ्याने सांगतो. या डब्यात बहुधा सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून मोबाईल नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत येतो. मोबाईलवर खोटी पावती दाखवून माल घेऊन जाणाऱ्यांना त्यामुळे चांगलाच आळा बसला. हात पिठात किंवा तेलात असले तरी पैसे आले की नाही हे कळते. ही मोठी सोय आहे.

आता दुसरी बाजू. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती रुपये आले, याची संपूर्ण नोंद कंपनीकडे राहते. रोजची किती विक्री, कोणत्या हंगामात तेजी, कधी मंदी, हे तिला दिसते. अशा नोंदींच्या आधारे व्यापाऱ्यांना कर्जही देऊ केले जाते. गरजेच्या वेळी ते उपयोगी पडेल. पण आपली नड कधी असते हे समोरच्याला आधीच माहीत आहे, हे ध्यानात ठेवूनच अटी वाचाव्यात. ज्याला आपली खतावणी दिसते, त्याच्याशी सौदा करताना आपला हात आधीच थोडा उघडा असतो.

पाहणारा डोळा

कॅमेऱ्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात चित्रण दुकानातल्याच डब्यातील हार्ड डिस्कवर साठते. दुसऱ्यात वायफायवरून ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. दोन्ही प्रकारांत घरी बसून मोबाईलवर दुकान पाहता येते. पण जो रस्ता मालकाला आत आणतो, तोच रस्ता नीट बंद नसेल तर चोरालाही आणतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतील महिला रुग्णांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब व टेलिग्रामवर आढळले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. कॅमेरे सुरक्षेसाठी बसवले होते, आणि बेअब्रू झाली ती ज्यांनी कॅमेरा बसवलाच नव्हता त्या महिलांची.

कारखान्यातून येणाऱ्या यंत्राचा पासवर्ड पुष्कळदा ठराविक असतो आणि तो बदलला जात नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच ठराविक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. आपला कॅमेरा कोणाच्या कामाला लागला आहे, याचा मालकांना पत्ताही नव्हता.

धोका बाहेरूनच येतो असेही नाही. अमेरिकेत ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये आरोप ठेवला की, तिच्या एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांची खासगी जागांतील हजारो चित्रणे पाहिली. कंपनीला ५८ लाख डॉलर भरण्याची तडजोड करावी लागली.

खिशातला सोबती

मोबाईलमधील ॲप फुकट मिळते, पण ते आपण कोठे असतो हे विचारते. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा व किब्ला दाखवणारे ॲप जगभर कोट्यवधी लोकांनी घेतले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तस्थळाने उघड केले की, या ॲपच्या वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर ॲपचालकांनी एक्स-मोडशी संबंध तोडला. जानेवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडच्या वारस कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. नमाजाची वेळ समजण्यासाठी शहराचे नाव पुरते. माणूस कोणत्या गल्लीत उभा आहे हे सांगण्याची गरज नसते.

अमानत कोणाची?

आपल्या विक्रीची माहिती देऊन सोय घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण कपड्याच्या दुकानात येणारी महिला, मापे देणारे गिऱ्हाईक, दिवसभर कॅमेऱ्याखाली बसणारा कारागीर, यांची माहिती आपल्या मालकीची नाही. ती आपल्याकडे अमानत आहे. स्वतःचा माल स्वस्तात विकता येतो. दुसऱ्याची ठेव विकता येत नाही, आणि निष्काळजीपणे गमावताही येत नाही.

कायदाही त्याच दिशेने गेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या कायद्यातून वगळली आहे. धंद्यासाठी ठेवलेल्या माहितीला ती सवलत नाही. गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर जमवणाऱ्या दुकानदाराने याची नोंद घ्यावी.

काय करावे?

१. कॅमेरा बसवणारा मिस्त्री निघून जाण्यापूर्वी पासवर्ड स्वतः बदला. खाते त्याच्या मोबाईल नंबरवर न ठेवता आपल्या नंबरवर ठेवा.

२. पासवर्ड माहीत असलेला नोकर काम सोडून गेला, तर त्याच दिवशी तो बदला. वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांना देऊ नका.

३. कॅमेरा गल्ल्यावर व दारावर असावा. कपडे बदलण्याच्या खोलीत तो कदापि नको. गिऱ्हाईक पिन नंबर दाबते त्या जागेवरही त्याचा रोख नको.

४. ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी लावा. कारागिरांनाही तसे स्पष्ट सांगा.

५. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला ठिकाण, माईक व कॅमेऱ्याची परवानगी आहे ते पाहा. गरज नसेल ती काढून टाका.

६. जुना डीव्हीआर किंवा मोबाईल भंगारात अथवा विक्रीला देण्यापूर्वी त्यातील चित्रण व माहिती पुसून टाका.

नवे यंत्र घेताना विक्रेत्याला किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : माहिती कोठे साठते, ती कोण पाहू शकतो, आणि मला ती पुसता येते का? सरळ उत्तर मिळाले तर यंत्र जरूर घ्यावे. उत्तर मिळाले नाही, तर मुनिमाची चौकशी न करताच तिजोरीची चावी त्याच्या हाती दिल्यासारखे होईल.