विमानाच्या वळणावरील वाऱ्याचा परिणाम

भोवतालच्या हवेच्या सापेक्ष विमानाच्या वेगास वायुवेग व जमिनीच्या सापेक्ष वेगास भूवेग म्हणतात. पंखांवरील उत्थापक प्रेरणा वायुवेगावर अवलंबून असते, भूवेगावर नव्हे. वाऱ्याकडे पाठ होईल असे वळण घेताना वायुवेग घटतो, असा समज आढळतो. वारा स्थिर व एकसमान असल्यास तो चुकीचा ठरतो. विमान वाहत्या हवेच्या राशीतच वळत असते. संथ प्रवाहात होडी गोल फिरविली, तर भोवतालच्या पाण्याच्या सापेक्ष तिचा वेग तोच राहतो. काठावरून पाहता मात्र ती प्रवाहाबरोबर सरकत जाते.

उदा., छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथे पावसाळ्यात वारे मुख्यत्वे पश्चिमेकडून वाहतात. अशा वेळी हर्सूल तलावावर एक हलके विमान ताशी १८० किमी. वायुवेगाने, तीच उंची व ३०° कल राखून घिरट्या घालीत आहे आणि वाऱ्याचा वेग ताशी ३६ किमी. आहे, असे मानू. हवेच्या सापेक्ष त्याचा मार्ग सु. ४४० मी. त्रिज्येचे वर्तुळ असून एका फेरीस सु. ५५ सेकंद लागतात. भूवेग पश्चिमेकडे जाताना ताशी १४४ किमी., तर पूर्वेकडे जाताना २१६ किमी. होतो आणि दर फेरीस विमान सु. ५५० मी. पूर्वेस वाहून जाते. वायुवेगमापकाचा काटा मात्र १८० वरच राहतो.

वारा एकाएकी बदलल्यास स्थिती वेगळी असते. निरूढीमुळे विमानाचा भूवेग तत्काळ बदलत नाही. त्यामुळे वायुवेग बदलतो. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वारा खाली मंद व वर जोरदार असतो. म्हणून उतरताना समोरचा वारा मंदावल्यास किंवा चढताना पाठीमागील वारा वाढल्यास वायुवेग काही काळ घटतो.

खरा धोका दृष्टिभ्रमाचा असतो. चिकलठाणा विमानतळावरून पश्चिमेकडे उड्डाण करून कमी उंचीवर माघारी वळणाऱ्या वैमानिकास जमीन वेगाने मागे सरकताना दिसते. वेग फार वाढला, असे वाटून त्याने तो कमी केल्यास उत्थापक प्रेरणा अपुरी पडून विमान कोसळू शकते. उंची राखून घेतलेल्या वळणात उड्डाणास लागणारा किमान वायुवेग सरळ उड्डाणाच्या तुलनेने ४५° कलास १·१९ पट व ६०° कलास १·४१ पट होतो. यामुळे वळताना जमिनीकडे पाहून वेगाचा अंदाज न करता वायुवेगमापकावर विसंबणे आवश्यक असते.