'पे' दिसलं की समजा, पैसे आपल्या खात्यातून जाणार

मोबाईलवर 'पे' हे बटण आता सगळ्यांच्या ओळखीचं. पे म्हणजे देणे, चुकते करणे. 'सेंड' म्हणजे पाठवणे, 'ट्रान्सफर' म्हणजे दुसऱ्या खात्यात टाकणे. शब्द तीन, पण पैसे जातात आपलेच. 'रिसीव्ह' म्हणजे मिळणे.

घोळ होतो तो इथं. कांदा घेणारा म्हणून कोणी फोन करतो, क्यूआर पाठवतो, "स्कॅन करून पिन मारा, पैसे जमा होतील" म्हणतो. स्क्रीनवर मात्र 'पे' लिहिलेलं असतं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, ना स्कॅन करावं लागतं.

बँकेच्या मेसेजमध्ये 'डेबिट' म्हणजे गेले, 'क्रेडिट' म्हणजे आले. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन लावा.