बागाईतदाराच्या खिशातील चाकू : तो पारखावा कसा ?

शेतीच्या अवजारांचा विषय निघाला म्हणजे नांगर, वखर, डवरा व तिफण ही नावे आपोआप पुढे येतात; खिशातील चाकूची आठवण कोणासही होत नाही. वास्तविक पाहता अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, अचलपूर व अंजनगाव, तसेच अकोला जिल्ह्यातील अकोट व पातूर या संत्र्याच्या मुलखात प्रत्येक झाडाचा जन्म चाकूच्याच धारेवर होतो. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसविला जातो तो चाकूने, आणि पुढे डिंक्याने सडलेली साल खरवडली जाते तीही चाकूनेच. असे असूनही बैल घेताना दात व खूर पाहणारा आपला शेतकरी चाकू मात्र केवळ चकाकी पाहून घेतो.

गेल्या हिवाळ्यात मोर्शीकडील एका पन्हेरीत आम्ही गेलो असता डोळे बांधणाऱ्या एका कारागिराच्या उजव्या हाताची दोन बोटे पट्टीत गुंडाळलेली दिसली. चौकशी करता कळले की, नवीनच घेतलेल्या मिटत्या चाकूचे टोक एका वाळल्या फांदीत रुतले. ते सोडविताना पात्याची खीळ निसटली व पाते बोटांवर मिटले. ऐन हंगामात तीन आठवड्यांचा रोज बुडाला. तो म्हणाला, “भाऊ, दिसाले लय चांगला होता, पन इमान नाई त्याले.” चाकूच्या परीक्षेचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे. चाकूचे इमान कोठे असते व ते घेण्यापूर्वीच कसे ओळखावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

हल्लीचा एका हाताने उघडणारा चाकू

मिटते पाते आपणांस नवे नाही. न्हाव्याचा वस्तरा मिटतो, पण त्यास खीळ नसते. वस्तऱ्याच्या शेपटीवर बोट ठेवूनच त्याने तो सांभाळावयाचा असतो. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा जो साधा मिटता चाकू काढला, त्यासही आरंभी खीळ नव्हती. पाते अडविणारे फिरते कडे त्यास 1955 साली बसविण्यात आले. उघडलेले पाते आपण होऊन मिटू नये, ही गरज अशी सर्वत्र अनुभवाने पटलेली आहे.

अलीकडे बाजारात ‘फ्लिपर’ या नावाचे चाकू येऊ लागले आहेत. यात पात्याच्या बुडाशी एक लहानशी चोच ठेवलेली असते. चाकू मिटलेला असता ती मुठीच्या पाठीवर वर आलेली दिसते. तर्जनीने ती मागे दाबली की पाते झटक्यासरशी फिरून बाहेर येते व खिळीत बसते. यात स्प्रिंग नसते. खिळीच्या पट्टीवर एक बारीक गोळी बसविलेली असून ती पात्यावरील खळगीत अडकून पाते मिटलेले ठेवते. चोचीवर पुरेसा दाब पडला की गोळी खळगीतून सुटते आणि साठलेल्या जोरानेच पाते पुढचा फेरा पुरा करते. उघडल्यावर हीच चोच धारेच्या व बोटाच्या मध्ये येऊन तलवारीच्या परजेसारखे काम देते. एका हातात फांदी धरली असता दुसऱ्याच हाताने चाकू उघडता यावा, ही बागेतील नित्याची गरज त्यामुळे भागते.

कित्येक चाकूंत मात्र आत स्प्रिंग दडविलेली असते, किंवा कळ दाबताच पाते उडते. असे चाकू शेतकऱ्याने घेऊ नयेत. आपल्या काळ्या जमिनीची धूळ स्प्रिंगेच्या घरात शिरली की ती अडखळू लागते, आणि जितके भाग अधिक तितका बिघाड अधिक. शिवाय कळीच्या चाकूकडे पोलीसही संशयाने पाहतात. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत घातले आहेत, व घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनविलेले त्यातून वगळले आहेत. बागेच्या कामास अडीच ते तीन इंचांचे पाते भरपूर होते. त्याहून मोठ्याचा हव्यास व्यर्थ आहे.

दुकानातच करावयाची परीक्षा

पहिली परीक्षा आसाची. ज्या खिळ्यावर पाते फिरते तो आस. घरातील अडकित्ता ढिला झाला म्हणजे सुपारी कातरली न जाता चेंगरते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. चाकूचेही तसेच आहे. पाते उघडून टोक चिमटीत धरावे व आडवे, मग उभे हलवून पाहावे. लवमात्र हालचाल जाणवली तर चाकू परत करावा. आडवी हालचाल कधी कधी आसाचा स्क्रू आवळून जाते. उभी हालचाल म्हणजे खीळच नीट बसत नाही, व तो दोष दुरुस्त होत नसतो. चाकू मिटून वरून पाहिले असता पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध दिसावे. आसाशी काही चाकूंत बारीक गोळ्यांचे बेअरिंग असते, काहींत काशाच्या सपाट चकत्या असतात. गोळ्यांवर पाते सुळकन फिरते खरे, पण मातीचे कण त्यांत अडकतात. म्हणून आमच्या मते वऱ्हाडच्या धुळीत चकत्याच बऱ्या.

दुसरी परीक्षा खिळीची. बहुतेक फ्लिपरांत मुठीच्या आतील पोलादी पट्टी बाजूस सरकून पात्याच्या बुडामागे टेकते. ती पात्याच्या बुडाच्या रुंदीपैकी निदान चौथा हिस्सा तरी आत गेलेली असावी. नुसती काठावर टेकली असेल तर ती दगा देणार हे निश्चित. पाते उघडून, मुठीवरील बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दोन-चार वेळा आपटावी. खीळ सुटली तर तो चाकू नव्हे, सापळा होय. ही पट्टी उजव्या अंगठ्याने सरकविण्याच्या बेताने केलेली असते. डावखुऱ्याने स्वतःच्या हाताने मिटून पाहिल्याशिवाय चाकू घेऊ नये.

तिसरी परीक्षा मिटलेल्या स्थितीची, आणि हीच बहुधा राहून जाते. चाकू मिटून टोकाकडील बाजू खाली धरावी व दोन-तीन हिसके द्यावेत. पाते जागचे हलता कामा नये. पन्हेरीतील माणूस दिवसभर उकिडवा बसलेला असतो. गोळीची पकड ढिली असेल तर पाते खिशातच उघडावयाचे. उलटपक्षी चोच दाबूनही पाते अर्ध्यावर राहत असेल व मनगटाचा हिसका द्यावा लागत असेल, तर तोही चाकू सदोषच समजावा.

चौथी परीक्षा पोलादाची. साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते व घरच्या सहाणेवर सहज लागते. परंतु संत्र्या-लिंबाच्या आंबट रसाने ते काळवंडते व गंजते. न गंजणारे पोलाद ओल्या कामास सोयीचे, मात्र ते फार मऊ असेल तर धार वळते. कठीणपणाचे रॉकवेल माप दिलेले असल्यास ते 56 ते 60 च्या दरम्यान पाहावे. मूठ घामेजल्या हातातून न निसटणारी, किंचित खरबरीत असावी. नक्षी, रंग व पात्यावरील चित्रे यांचे मोल देऊ नये. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरी मारून घेत नाही.

डोळ्याचा चाकू निराळा ठेवावा

एवढी पारख करून घेतलेला चाकू सुतळी, पोती, ठिबकची नळी व बारीक फांद्या यांसाठी उत्तम होय. परंतु त्याच चाकूने डोळा काढू नये. डोळ्याची चकती सपाट व एका ओढीत निघावी लागते. त्यासाठी पाते पातळ, आणि शक्य तर एकाच बाजूने धार दिलेले हवे. डोळा बसविण्यासाठी खुंटावर टी आकाराचा छेद घेतात. त्याची साल अलगद उचलण्यास कलमाच्या चाकूला मागे हाडाची वा पितळेची चपटी जीभ असते. ती खिशातील चाकूला नसते. बोथट चाकूने साल फाटते, डोळा वाळतो, आणि दोष मजुराच्या हातावर जातो.

याहूनही मोठे कारण रोगाचे आहे. लिंबूवर्गीय झाडांतील एक्सोकॉर्टिस हा रोग डोळ्यांतून तर पसरतोच, पण चाकूच्या पात्यावरून एका झाडाचा रस दुसऱ्यास लागूनही पसरतो. जंभेरीच्या खुंटावर तो बहुधा लपून राहतो. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मात्र साल फुटून सोलते व झाड खुजे राहते. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या झाडावरून आलेला चाकूच शेजारच्या ओळीचा घात करू शकतो, आणि तो घात कित्येक वर्षांनंतर दिसतो. तोवर पाणी, खत व मेहनत यांचा खर्च होऊन गेलेला असतो. पाते दिव्यावर धरून किंवा स्पिरिटने पुसून हे बीज मरेल असा भरवसा नाही. त्यास सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे 1 टक्क्याचे द्रावण हवे. बाजारातील द्रावण 5 टक्क्यांचे असेल तर त्याच्या एका भागात चार भाग पाणी मिसळावे, रोज ताजे करावे, व एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना पाते त्यात बुडवून काढावे. हे द्रावण पोलादास खाते. म्हणून काम संपताच पाते साध्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा.

डोळा जमिनीपासून सुमारे वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटर उंचीवर बांधावा, असे तज्ज्ञ सांगतात, तेही याच सावधगिरीपोटी. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जमिनीतील फायटोफ्थोरा बुरशी सांध्यापर्यंत पोहोचली की डिंक्या लागतो. अकोल्यास 1969 साली कृषि विद्यापीठ स्थापन झाले व नागपुरास 1985 साली लिंबूवर्गीय फळांचे संशोधन केंद्र निघाले. या विषयाची माहिती तेथून मिळू शकते. पण ती माहिती झाडापर्यंत नेणारे शेवटचे साधन कारागिराच्या हातातील चाकूच असते.

निगा

रोज संध्याकाळी पाते व आस फडक्याने पुसावेत, आठवड्यास शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब आसावर सोडावा. अधिक तेल धूळ धरते. दगडावर धार लावताना दोन्ही बाजूंस सारखाच, सुमारे वीस अंशांचा कोन राखावा. एका बाजूने धार असलेल्या कलमाच्या चाकूची सपाट बाजू मात्र सपाटच ठेवावी. खिळीच्या पट्टीस तेल लावू नये. तिची पकड कोरडेपणात आहे. चाकू मिटताना अंगठा पट्टी सरकवितो, त्या वेळी तो पात्याच्या वाटेत असतो. पाते थोडे वळताच अंगठा काढून मगच ते पुरते मिटावे.

पन्हेरीच्या मालकांस शेवटी एक विनंती आहे. डोळे बांधणाऱ्या माणसास शेकड्यावर मजुरी देऊन त्याचा चाकू त्याच्याच माथी मारण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तो गरीब माणूस मिळेल तो स्वस्त चाकू घेतो, व त्याच चाकूने चार गावांच्या पन्हेऱ्या फिरतो. मालकाने आपल्या पन्हेरीचे चाकू आपणच पारखून घ्यावेत, ते तेथेच ठेवावेत व द्रावणाचे भांडे वाफ्याच्या कडेला मांडावे. त्यास येणारा खर्च एका मेलेल्या ओळीच्या मानाने काहीच नाही. कारागिराची बोटे शाबूत राहतील, आणि जो शेतकरी विश्वासाने कलम विकत नेतो त्याच्या बागेत आपल्या हातून रोग जाणार नाही.