नदीचा पूर आणि शौचातलं रक्त

आजचा विषय चारचौघांत काढायचा नाही असा समजला जातो. पोटात दुखतंय आणि शौचातून रक्त पडतंय, तर कारण काय असेल? मी डॉक्टर नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण हा प्रश्न अनुमानाचाही आहे, म्हणून बोलतो.

न्यायसूत्रांत ‘शेषवत्’ अनुमान येतं. कार्य पाहून कारणाकडे जायचं. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. त्याच ग्रंथात आक्षेपही आहे : नदी पुढे कुठे अडली असेल, तरी पाणी चढतंच की! वात्स्यायन भाष्यात सांगतात, नुसतं चढलेलं पाणी पाहू नका. वेग पाहा, फेस पाहा, वाहून येणारी पानं-लाकडं पाहा.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आणि स्वतःला रक्त दिसलं तेव्हा? ‘मूळव्याध असणार’ म्हणालो आणि इसबगोल घेत पाच महिने काढले. पोट दुखायचं, त्याला गॅस म्हणालो.

आता पानं-लाकडं पाहू. मूळव्याधीत रक्त लालभडक असतं, पण पोट सहसा दुखत नाही. फिशरमध्ये दुखतं ते गुदद्वाराशी, शौचाच्या वेळी, चिरल्यासारखं. मुरडा, आव, रक्त आणि ताप एकदम आले, तर जंतूंचा किंवा अमीबाचा संसर्ग संभवतो. हेच आठवडेच्या आठवडे चाललं, तर आतड्याची दीर्घकाळची सूज, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरू नये; त्यात पोटदुखी, बारीक ताप, वजन घटणं असतं. उतारवयात अचानक पोट दुखून मग रक्त पडलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडलेला असू शकतो.

शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर रक्तस्राव बहुधा वर, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला असतो. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी हे नीट ऐका, त्यांनी अल्सर होतो. अर्थात लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं आणि बीट खाल्लं की लाल दिसतं. ही झाली अडवलेली नदी!

आणि शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, हिमोग्लोबिन कमी झालं, तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर नाही ना, हे पाहावंच लागतं. मूळव्याध आहे म्हणून दुसरं काही नाही, असं होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

माझं तसंच निघालं. कोलोनोस्कोपीत मूळव्याधही दिसली आणि वर गाठही. शस्त्रक्रिया झाली, म्हणून आज इथे उभा आहे. सर्जनने विचारलं, “सर, पाच महिने कसली वाट पाहिलीत?” खरं उत्तर होतं, लाज वाटत होती. ती मी तर्काच्या पांघरुणाखाली झाकली होती.

तेव्हा रक्त दिसलं की डॉक्टरांना दाखवा. रंग, किती दिवस, कुठे दुखतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं सांगा. रक्त भरपूर जात असेल, चक्कर येत असेल, पोट कडक झालं असेल, किंवा लहान मूल कळवळून रडतंय आणि लाल, बुळबुळीत शौच होतंय, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

असो. आता प्रश्न विचारा. लाजू नका.